द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या आधी बोद उकरून बघा, मग कात्री लावा

गोडी छाटणी म्हणजे द्राक्षाची फळासाठीची छाटणी. कसमादेत (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) अर्ली, म्हणजे लवकरच्या, छाटण्या उरकत आल्यात, आता निफाड-दिंडोरीकडं आणि खाली तासगाव-पलूसकडं तारखा धरायला सुरुवात होईल. तारीख कशावरून ठरते तर छाटणी करणाऱ्या टोळीवाल्याच्या डायरीवरून. मुळी जिवंत आहे का मेली हे बघायला कोणी वाकत नाही, आणि दरवर्षी बागा जातात त्या तिथंच जातात.

यंदा पाऊस सुटता सुटेना, बोदात, म्हणजे वेलीच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यात, पाणी मुरून बसलंय, वर मात्र बाग माजलीय, शेंडा थांबायचं नाव घेत नाही, पान काळंभोर. बघणारा म्हणतो काय बाग आहे! अहो पण ती मस्ती नत्राची आणि पाण्याची आहे, खाली काळ्या जमिनीत हवाच नाही तर पांढरी मुळी कुजायला लागलेली असते. अशा बागेत छाटणी घेतली की काडीवरचे डोळे (कळ्या) मागंपुढं फुटतात, त्यात ढगाळ हवा आणि ओली जमीन, वेलीतलं जिबरेलिन वाढतं आणि आठ-पंधरा दिवसात निघालेला घड जिरतो, बाळी (आधाराला गुंडाळणारा वेलीचा धागा) होऊन लोंबतो. मग धावपळ.

तर आधी हे करा. खोडापासून फूटभर लांब, ड्रीपरच्या जवळ, खुरप्यानं सहा ते नऊ इंच उकरा. बागेत चार-पाच ठिकाणी, सखल कोपरा सोडू नका. पांढरी, रसरशीत, वाकवली की टचकन तुटणारी मुळी दिसली तर बिनधास्त राहा. तपकिरी-काळी असेल, चिमटीत धरून ओढल्यावर साल निघून नुसता दोरा हातात येत असेल आणि मातीला आंबूस वास असेल तर छाटणी आठ-दहा दिवस पुढं ढकला. टोळी गेली तर जाऊ द्या, दुसरी मिळेल. मुळीवर बारीक गाठी दिसल्या तर निमॅटोड (मुळीतले सूत्रकृमी), त्याचा वेगळा इलाज.

पाणी काढायला दोन ओळींच्या मधे चर मारा आणि तो बांधाच्या बाहेर काढा, बागेतच नेऊन सोडू नका. वाफसा (मातीत ओल बेताची आणि हवा खेळती) आला का ते मुठीत माती दाबून बघायचं, गोळा खाली टाकल्यावर फुटला पाहिजे. तोवर ड्रीप बंद, ड्रीपमधून खतंही बंद. पाऊस चालू असताना शेड्यूलमधे लिहिलंय म्हणून खत सोडणारे मी बघतो, त्याचा काय उपयोग, मुळी उचलणारच नाही.

दुकानदार इथंच गाठतो. मुळी चालत नाही म्हटलं की रूट बूस्टर, ह्युमिक, सीवीड, अमिनो, बिल हजारात. मुळीला हवा पाहिजे, बाटली नको. वाफसा आल्यावर शेणखत आणि सिंगल सुपर (स्फुरदाचं खत) बोदात मिसळून झाकलं तरी पांढरी मुळी आपोआप सुटते. त्यासाठी बोद फोडताना माझं मत, एका वर्षी एकाच बाजूच्या मुळ्या तोडा, दोन्हीकडून तोडलेल्या बागा फुटीला दमतात.

माज उतरवायला:
- नत्र पूर्ण बंद, शेंडे मारा, बगलफुटी काढा
- 0-0-50 (पालाशाचं विद्राव्य खत) ची फवारणी, 4 ते 5 ग्रॅम लिटरला
- पानगळीला इथेफॉन 2.5 ते 3 मिली लिटरला, छाटणीच्या 10-12 दिवस आधी (जमीन ओली असेल तर पान नीट गळत नाही, हा अनुभव)
- छाटणीनंतर खोड आणि ओलांड्यावर (खोडाच्या आडव्या फांद्या) 1 टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण)

काडी 8 ते 10 मिमीची चांगली. अंगठ्याएवढी जाडजूड काडी बघून खूश होऊ नका, तिच्यात घड कमीच असतात. आडवी कापून बघा, आतला गाभा तपकिरी पाहिजे, पांढरा-हिरवट असेल तर काडी कच्ची. डोळ्यात घड आहे का ते लॅबमधून तपासून घ्या, दोन फवारण्यांपेक्षा स्वस्त पडतं.

डॉगरिजवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या वेली डॉगरिज या खुंटावर (कलमाखालच्या मुळाच्या जातीवर) आहेत त्यांनी, जास्त सांभाळा. नव्वदच्या दशकात पाणी कमी आणि क्षार जास्त म्हणून हा खुंट आला, तिथं त्यानं बागा वाचवल्या. पण तो जात्याच जोरात पळतो, पालाश कमी उचलतो, सोडियम ओढतो, म्हणून भारी जमिनीत त्याला पाणी आणि युरिया दाखवूच नका. नवीन लागवड असेल तर 110 आर या खुंटाचा विचार करा.

फूट निघाल्यावर घड जिरतोय असं वाटलं तर पाणी तोडा, 0-0-50 दीड-दोन ग्रॅम आणि 6-बीए (सायटोकायनिन संजीवक) 10 पीपीएम. जोर थांबवायला सीसीसी (वाढ रोखणारं क्लोरमेक्वाट) मारा म्हणून कोणी सांगेल, एक्स्पोर्टचा माल असेल तर ऐकू नका, 2010 ला त्याच्याच अवशेषांपायी आपली द्राक्षं युरोपात अडकली होती.

पेस्टिंगला, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना औषध लावायला, हायड्रोजन सायनामाइड 30 ते 40 मिली लिटरला, छाटणीपासून दोन दिवसात उरका. ऊन कडक असेल तर कमीच प्रमाण धरा. हातमोजे घालायला लावा, आणि ज्या गड्यानं पेस्ट लावली त्यानं आदल्या दिवसापासून ते नंतर दोन-तीन दिवस दारूला शिवायचं नाही, तोंड लालबुंद होऊन छाती धडधडते, दवाखान्यात न्यावं लागतं. टोळी ठरवतानाच हे सांगून ठेवा.