लाइकसाठी धावणं सोडताय? पन्नाशीनंतर या चुका टाळा

पन्नाशी ओलांडलेले कितीतरी धावपटू आणि सायकलपटू एक दिवस ठरवतात की धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवून ती इतरांना दाखवणारं स्ट्रावा ॲप, इन्स्टाग्राम आता पुरे. टायमिंग दरवर्षी थोडं घसरतं, कुडोस (स्ट्रावावरचे लाइक) कमी होतात, आणि मग हलक्या धावण्याच्या दिवशीही आकडा बरा दिसावा म्हणून वेग वाढवला जातो. निर्णय योग्यच आहे, पण तो अमलात आणताना बरेच जण फसतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे वैतागून खातंच पुसून टाकणं. त्यासोबत वर्षानुवर्षांची नोंद जाते. कुठल्या आठवड्यात किती किलोमीटर झाले, अंतर किती वाढवल्यावर पोटरी धरली, हे वय वाढतं तसं जास्तच उपयोगी पडतं. घालवायचे आहेत ते प्रेक्षक, वही नव्हे. स्ट्रावाच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी कंट्रोल्स उघडा आणि ॲक्टिव्हिटीजसाठी ‘ओन्ली यू’ निवडा. हा बदल फक्त पुढच्या नोंदींना लागू होतो. जुन्या नोंदी झाकायच्या असतील तर त्याच पानावर वेगळा पर्याय आहे. मात्र अशा खासगी नोंदी सेगमेंटच्या, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावरच्या वेळांच्या, यादीत धरल्या जात नाहीत, हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर चार दिवसांत तुम्हीच सेटिंग पुन्हा उलटी फिरवाल. कुडोस आणि कॉमेंटची नोटिफिकेशन्सही त्याच वेळी बंद करा.

ॲप बंद झालं तरी क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुप उरतो, आणि घड्याळाच्या स्क्रीनचे फोटो तिथे सुरू होतात. ग्रुप सोडू नका. एकत्र धावणारी माणसं या वयात फार मोलाची असतात. ग्रुप म्यूट करा, कुठे आणि किती वाजता भेटायचं एवढंच त्यावर पाहा, आणि आकडे टाकू नका.

पुढची चूक जरा खोल आहे. कौतुक थांबतं, पण त्या जागी दुसरं मोजमाप येत नाही. मग माणूस स्वतःच्याच चाळिशीतल्या टायमिंगशी झुंजू लागतो. वयानुसार ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता उतरतेच. नियमित सरावाने उतार मंदावतो, थांबत नाही. म्हणून जागतिक मास्टर्स ॲथलेटिक्सच्या कोष्टकावरून एज-ग्रेड काढा. तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या प्रमाण-वेळेला (सर्वोत्तम कामगिरीवरून ठरवलेल्या वेळेला) तुमच्या वेळेने भागून आलेली ही टक्केवारी असते. ४५व्या वर्षी ६४ टक्के आणि ५८व्या वर्षी ६६ टक्के आले, तर मिनिटं वाढलेली असूनही कामगिरी सुधारली आहे.

दुसरं मोजमाप महिन्यातून एकदा घ्या. गोव्यातल्या मिरामार ते दोनापावला असा ठरलेला रस्ता, सकाळी सहाची वेळ, १५ मिनिटं वॉर्मअप आणि मग ३० मिनिटं एकाच हृदयगतीवर धावायचं. अंतर किती झालं ते लिहा, शेजारी तापमान आणि आर्द्रताही लिहा. मनगटावरचा सेन्सर कधी कधी हृदयगतीऐवजी पावलांचा ठेकाच मोजतो, म्हणून छातीचा पट्टा वापरा. ही गती कमाल हृदयगतीवरून ठरवत असाल, तर त्यासाठी २२० उणे वय या सूत्रावर विसंबू नका. २०८ उणे ०.७ गुणिले वय हे उतारवयात अधिक जवळचं आहे: ५५व्या वर्षी पहिल्याने १६५ येतात, दुसऱ्याने सुमारे १७०. तरीही माणसागणिक दहाएक ठोक्यांचा फरक राहतोच.

गोव्यात हवामान विसरलं तर ही चाचणी हमखास चुकीचं सांगते. एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच वेगाला हृदयगती चढते. मेमधल्या अंतराची तुलना मागच्या मेशीच करा. जानेवारीच्या आकड्याशी केली तर उगाच खचायला होतं.

कुणी पाहत नाही म्हणून विश्रांती नीट होईल असं धरून चालू नका. जोराच्या दोन दिवसांमध्ये ४८ ते ७२ तास ठेवा. उठल्याबरोबर नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असेल तर त्या दिवशी चाला. नाडी अनियमित लागली तर ते गांभीर्याने घ्या. वर्षानुवर्षं दीर्घ अंतराचा सराव केलेल्या पुरुषांत एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांचा बिघाड अधिक आढळतो. चढावर छातीत दाब आला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवटची चूक सुरक्षेची, आणि हिच्याबाबत आमचा आग्रह आहे. सगळं बंद करण्याच्या भरात लाइव्ह लोकेशनही बंद होतं. चोर्ला घाटात किंवा दिवाडीच्या सामसूम रस्त्यावर एकट्याने सायकल चालवताना ते घरच्या एका माणसाकडे चालूच हवं. घाटात रेंज मधेच जाते, म्हणून निघताना मार्ग आणि परतण्याची वेळ सांगून ठेवा, आणि ठरल्या वेळेनंतर किती मिनिटांनी फोन करायचा, तो न लागल्यास कुणाला पाठवायचं, हेही घरीच ठरवा. रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर लिहिलेलं कार्ड जर्सीच्या खिशात ठेवा.