घाणेरी काढताना या चुका टाळा

आक्रमक वनस्पती काढल्याचा कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: दोन पावसाळ्यांनंतर त्या जागी काय उगवलं? बहुतेक रिपोर्टांत त्याचा पत्ताच नसतो. किती हेक्टर 'साफ' केलं ते मात्र ठळक अक्षरांत छापलेलं असतं.

बुंध्याशी छाटून मोकळं होणं

ही चूक पाहून पाहून मी वैतागलोय. घाणेरी, म्हणजे टणटणी, वरून छाटली की मरत नाही, उलट चेकाळते. एका बुंध्याला फुटव्यांचा झुपका येतो आणि आधी आत शिरता तरी यायचं तिथे आता भिंत उभी राहते.

एका संस्थेने मला असंच काम झालेली जागा पाहायला बोलावलं होतं. ब्रश कटर, म्हणजे झुडपं कापायचं मशीन, लावून सगळं रान चकाचक केलेलं. कामाचे पैसे क्षेत्रफळावर, त्यामुळे गडी सुसाट सुटलेले. भिंतीवर दोन मोठे फोटो: 'आधी' हिरवंगार जंजाळ, 'नंतर' उघडी जमीन. नीट पाहिलं तर पहिला फोटो पावसाळ्यातला, दुसरा ऐन उन्हाळ्यातला. उन्हाळ्यात काय, कुठलीही जमीन उघडीच दिसते! पाऊस लागल्यावर पुन्हा गेलो. बोटभर उंचीच्या प्रत्येक खुंटाला कोंब. मधल्या मोकळ्या जागेत रानमोडी ही दुसरी आक्रमक वनस्पती घुसलेली, जी आधी फक्त वाटेच्या कडेला होती. छाटलेला माल ओढ्याकाठी ढीग करून टाकलेला, त्यातल्या ओल्या मातीला टेकलेल्या फांद्यांनी मुळं धरलेली. म्हणजे पैसे मोजून लागवडच केली. यावर संस्थेच्या साहेबांचं उत्तर, "पुढच्या वर्षी परत कापू."

परत कापायचं नसतं, उपटायचं असतं. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत साधी आहे. कुदळीने जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, अख्खं झुडूप उचलायचं आणि मुळं वर करून उलटं वाळवायचं. फुटवे येतात ते खोड-मुळाच्या सांध्यातून, आणि तो सांधाच जमिनीबाहेर येतो. मशीनपेक्षा हे हळू होतं, म्हणून उतावळ्यांना आवडत नाही.

त्यानंतरचं काम तर कोणी बजेटमध्येच धरत नाही. बुलबुलांसारखे पक्षी फळं खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याच्याखाली बिया टाकतात. त्यामुळे पहिल्या चांगल्या पावसानंतर मी प्लॉटभर भटकत नाही, थेट अशा झाडांखाली आणि ओढ्याच्या काठाने फिरतो. ओल्या मातीतून चिमटीएवढं रोप दोन बोटांनी निघतं. ओळखायला समोरासमोरची खरखरीत पानं पाहायची. शंका आली तर पान चुरडायचं, वासाने लगेच कळतं. हीच रोपं पुढच्या वर्षी काढायला कुदळ लागते.

फळं धरल्यावर कामाला लागणं

मग बिया तुम्हीच पसरवता. फुलोऱ्याआधीच कामाला लागा.

बूट आणि अवजारं न धुणं

चिखलाबरोबर बिया पुढच्या जागी जातात, हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं.

'साधारण तीच दिसते' म्हणून पुढे जाणं

पाण्यावर तरंगणाऱ्या साल्व्हिनिया या नेच्याची गोष्ट ओळखीचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. कित्येक वर्षं लोक तिला दुसरीच जात समजत होते, म्हणून तिला आवर घालायला तिचे नैसर्गिक शत्रू, म्हणजे तिला खाणारे किडेही त्या दुसऱ्या जातीवरून गोळा केले. सोडलेल्या किड्यांनी काही विशेष केलं नाही. १९७२ मध्ये ही वेगळी जात असल्याचं प्रसिद्ध झालं, पुढे तिचं मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथला सोंडकिडा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला आणि सुमारे वर्षभरात तिथला तवंग संपला. गंमत म्हणजे तो किडाही आधी जुन्या किड्याच्याच जातीचा समजला गेला होता! मोबाईलवरचं ॲप नाव सुचवतं, ओळख पटवत नाही. नमुना कागदात दाबून वाळवा, फूल-फळ जपा, जाणकाराला दाखवा.

'बाहेरची' म्हणजे 'आक्रमक' समजणं

मिरची अमेरिकेतली, चिंच आफ्रिकेतली. सगळंच उपटणार का? पसरते का आणि नुकसान करते का, एवढं बघा.

कंट्रोल प्लॉट न ठेवणं

संशोधन करणाऱ्यांनीही ही चूक करावी याचा राग येतो. काढल्यानंतर गवत वाढलं, छान. पण त्या वर्षी पाऊसही जोरदार होता, गुरंही आत आली नव्हती. मग श्रेय कोणाला? न काढलेला तुकडा तुलनेसाठी शेजारी ठेवाच, आणि जमलं तर आधीपासून घाणेरी नसलेलाही एक. खुंट्या ठोका, फोटो त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, त्याच दिशेला काढा. 'एवढी जागा तशीच सोडायची?' असं निधी देणारे विचारतात. हो, तशीच.

लगेच रोपं लावायला धावणं

जागा मोकळी दिसली की वृक्षारोपणाचा बॅनर तयारच असतो. मी एक पावसाळा थांबतो, मातीतल्या जुन्या बियांतून काय येतंय ते पाहतो. देशी गवत आलं तर हात लावत नाही. काहीच आलं नाही तर जवळच्या रानातून गोळा केलेलं गवताचं बी टाकतो. आणि मुळात गवताळ रान असेल तर तिथे झाडं लावायचीच नाहीत.