या चुका टाळा: नॉबवरची मॉडेल रेल्वे आणि गोव्याची हवा

नॉब फिरवून रुळांतले डीसी व्होल्ट कमी-जास्त करत चालवायची मॉडेल रेल्वे अडखळायला लागली की कुणीतरी सांगतंच, "हे जुनं सोडा, डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) घ्या." डीसीसीत रुळांत वीज कायम खेळती असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या नावचा हुकूम उचलतो. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावरून अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९० च्या दशकात त्याचं मानक ठरवलं. पद्धत चांगलीच आहे. पण काळवंडलेला रूळ तिलाही चालत नाही, आणि मला तरी नॉबच आवडतो. शून्य ते बारा व्होल्ट, पोलॅरिटी उलटली की गाडी मागे, आणि बिघाड शोधायला एक बल्ब पुरतो. जुन्या पद्धतीच्या नावाने होणाऱ्या बहुतेक तक्रारी वायरिंगच्या, हवेच्या नाहीतर घाईच्या असतात.

सेट कुठून आला ते न बघता प्लग लावणं

गोव्यात असे सेट बरेचदा नातेवाइकांच्या सामानातून येतात. लंडनच्या मावशीने पाठवला असेल तर फक्त पिन बदलावी लागते, तिथेही २३० व्होल्टच आहेत. जहाजावरच्या मामाने अमेरिकेतल्या बंदरात घेतला असेल तर ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. ट्रॅव्हल अडॅप्टर पिन जुळवतो, व्होल्ट नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पाठीवरचं 'इनपुट' वाचल्याशिवाय बटण दाबू नका. १२० लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा, नाहीतर इथल्या विजेवर चालणारा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर घ्या. रूळ आणि इंजिन तेच चालतात. (मेर्कलिनचा तीन रुळांचा एसी सेट असेल तर गोष्ट वेगळी. त्याला डीसी कंट्रोलर जोडू नका.)

रुळांवर पॉलिश पेपर घासणं

चवथीच्या देखाव्यात गाडी फिरवायची म्हणून आयत्या वेळी माळ्यावरून खोका उतरतो. अख्खा पावसाळा दमट हवेत पडलेले रूळ काळे झालेले असतात, मग कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन बसतं. रूळ चकचकतात, गाडी धावते, आणि दीड दिवसाचा गणपती पोचवायच्या आतच पुन्हा अडखळते. पेपरने पडलेल्या बारीक चरांत घाण आणखी घट्ट बसते. त्यात समईची काजळी आणि धूप-उदबत्तीचा धूर आहेच.

मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. सुती फडक्यावर घेऊन रूळ पुसा, पण समई लावायच्या आधी. ते लगेच पेट घेतं. रूळ पुसले आणि चाकं तशीच ठेवली तर काम अर्धंच झालं. तोच ओला कपडा रुळावर आडवा टाका, इंजिनाच्या एका टोकाची चाकं कपड्यावर आणि दुसऱ्या टोकाची उघड्या रुळावर ठेवा, हाताने धरा आणि नॉब हळू उघडा. चाकं जागेवर फिरतात आणि कपड्यावर दोन काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटायच्या थांबेपर्यंत कपडा सरकवत राहा.

नवे रूळ घेणार असाल तर पोलादी अजिबात नको, आमच्या खाऱ्या हवेत त्यांना गंज धरायला फार दिवस लागत नाहीत. पितळ चालतं, पण सारखं पुसावं लागतं. निकेल सिल्व्हर महाग पडलं तरी तेच घ्या.

मिटलेली फट

'एक सेक्शन बंद केला तरी तिथलं इंजिन चालतंच' अशी तक्रार आली की लोक स्विच बदलतात. त्याआधी सेक्शन, म्हणजे रुळांचे विजेने वेगळे केलेले तुकडे, जिथे तुटतात तिथली रुळात कापलेली फट बघा. पावसात प्लायवूड नि लाकडी चौकट फुगलेली असते. त्या दिवसांत बारीक करवतीने कापलेली फट छान मोकळी दिसते. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, रूळ तेवढेच राहतात, आणि दोन टोकं एकमेकांना टेकतात. दोन सेक्शन गुपचूप एक झालेले असतात, नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. फटीत प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा तुकडा घालून अरल्डाइटने चिकटवा, सुकल्यावर कानसीने रुळाच्या घडणीत घासा. मग ऋतू कुठलाही असो, ती फट मिटत नाही.

एकाच ट्रान्सफॉर्मरवर दोन कंट्रोलर

एका रुळावर दोन गाड्या स्वतंत्र चालत नाहीत, हा डीसीवरचा मुख्य आक्षेप. लेआउटचे सेक्शन पाडले आणि प्रत्येक सेक्शनला मधे बंद राहणारा सहा पिनांचा डीपीडीटी स्विच (दोन्ही वायरी एकदम या किंवा त्या बाजूला जोडणारा) दिला, तर तो सेक्शन हव्या त्या कंट्रोलरला जोडता येतो. गाडी जाईल तसे पुढचे स्विच टाकत जायचे. हे सिग्नल केबिनमधलं काम आहे, आणि माझ्या मते खेळाची निम्मी गंमत त्यातच आहे.

घोळ होतो तो वायर वाचवण्यात. एक रूळ सगळ्या सेक्शनांना सामायिक ठेवायला हरकत नाही, पण मग प्रत्येक कंट्रोलरला स्वतःचा वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा. दोन्ही एकाच वाइंडिंगवर असतील तर गाड्या विरुद्ध दिशेला सोडताच शॉर्ट होतो. गाडीचा वळसा घेऊन तोच रूळ स्वतःला येऊन मिळत असेल, तर तिथेही शॉर्ट होणारच. त्या वळशाच्या दोन्ही तोंडांना, दोन्ही रुळांत, फटी पाडा आणि त्याला वेगळा दिशास्विच द्या.

प्रत्येक सेक्शनच्या वायरीत गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. थंड फिलामेंटचा रोध कमी असल्यामुळे गाडी नेहमीसारखी चालते. शॉर्ट झाला की बल्ब पेटतो, म्हणजे कुठल्या सेक्शनात बघायचं ते लगेच कळतं. मात्र साधा फिलामेंटचाच घ्या, एलईडी नको.

घाट उभा करणं

गोव्यातल्या लेआउटवर दूधसागरचा घाट हवाच असतो, आणि चूकही तिथेच होते. १८८८ मध्ये सुरू झालेल्या, तेव्हा मीटरगेज असलेल्या मुरगाव मार्गावर कुळे ते कॅसलरॉक चढाव १:३७ आहे, म्हणजे मीटरमागे २७ मिमी. खऱ्या गाड्यांनाही तिथे मागून ढकलणारं बँकर इंजिन लागतं. एचओत (१:८७ या मापात) एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला साधारण ७५ मिमी उंची लागते. १:३७ ने तेवढं चढायला पावणेतीन मीटर लांबी हवी. जागा नाही म्हणून लोक मीटरभरातच चढवतात, आणि मग इंजिन कमजोर निघालं म्हणून बोलतात. जागा नसेल तर वरचा मार्ग चढवताना खालचा थोडा उतरवा. उंची दोघांत वाटली जाते.

बँकर चालवायला डिकोडर लागतो असं नाही. एकाच सेक्शनातल्या दोन्ही इंजिनांना तेच व्होल्ट मिळतात, फक्त जोडी जमायला हवी. दोघांना गोल रुळावर मोकळं सोडा आणि अंतर किती झपाट्याने बदलतं ते बघा. फरक थोडा असेल तर वेगवान पुढे, मंद मागे. उलटं केलं तर वळणावर मधले डबे बाहेर फेकले जातात. घाटमाथ्यावर बँकरपेक्षा थोडा लांब असा एक सेक्शन ठेवा. पुढचं इंजिन तो ओलांडून गेलं की त्याचा स्विच बंद करा. न जोडलेला बँकर तिथे आला की उभा राहतो आणि गाडी पुढे निघून जाते. स्विचला हात एक क्षण आधी गेला तर पुढचं इंजिनही तिथेच अडकतं, म्हणून डबे न मोजता इंजिनाच्या मागच्या चाकावर नजर ठेवायची.

डिकोडरवालं इंजिन तसंच चढवणं

हल्ली बरीच नवी इंजिनं डिकोडर बसवूनच येतात. साध्या डीसीवर ती उशिरा जागी होतात, काही तर हलतच नाहीत, कारण डिकोडरच्या सीव्ही २९ या सेटिंगमधली, साध्या डीसीवर चालायची अॅनालॉग सोय बंद केलेली असते. मित्राकडे डीसीसी असेल तर ती चालू करून घ्या. नाहीतर डिकोडर काढून त्या जागी वीज सरळ मोटरला नेणारा ब्लँकिंग प्लग बसवा. रुळांतून स्पार्क काढून साफ करणारी जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं असल्या इंजिनाखाली चालवू नका, डिकोडर जातो. उलट्या बाजूनेही काळजी घ्या: कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरचं डीसी इंजिन मित्राच्या डीसीसी रुळावर ठेवलं तर मोटर जळू शकते.

उरलेलं थोडक्यात

गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या कॉइल मोटरचं बटण दाबून धरू नका, टिचकीसारखं दाबा. मोठ्या लेआउटवर साठवलेली वीज एका झटक्यात देणारं कपॅसिटर डिस्चार्ज युनिट बसवा, म्हणजे बटण अडकलं तरी कॉइल जळत नाही. रुळांची टोकं जोडणाऱ्या जॉइनरच्या भरवशावर वीज लांब नेऊ नका, दर मीटर-दीड मीटरला रुळाला वायर डाखा. आणि गिअरला खोबरेल तेल कधीच नको, थंडीत ते गोठतं आणि एरवी चिकट होत जातं. प्लास्टिकला चालणारं हलकं तेल सुईच्या टोकावर घ्या, एक थेंब पुष्कळ.