काटकसरी माणसाची कपडेखरेदी: या चुका टाळा

काटकसरीने राहणारा माणूस चांगल्या कपड्यांवर खर्च करायला लागतो, तेव्हा त्याची पहिली चूक मोजमापाचीच असते. आजवर किमतीच्या चिठ्ठीवरचा आकडा पाहून तो कपडे नाकारत आलेला असतो. आता तोच आकडा पाहून तो कपडे स्वीकारू लागतो आणि महाग म्हणजे टिकाऊ असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या किमतीत नाव, जाहिरात आणि दुकानाची सजावट यांचाही वाटा असतो. पैसा जपताना अंगी बाणलेली चिकित्सक नजर सोडून देण्याचे कारण नाही. ती चिठ्ठीवरून कापडाकडे वळवावी, एवढेच.

त्यासाठी कपडा उलटा करून पाहावा. शर्टाच्या शिवणीत एका इंचात निदान १० ते १२ टाके असावेत. टाके विरळ असतील तर ताण पडताच शिवणीत फट दिसू लागते. आतल्या कडा दुमडून बंद केलेल्या किंवा नीट ओव्हरलॉक केलेल्या (धागे सुटू नयेत म्हणून कडेवर दोरा गुंफलेल्या) असाव्यात. पँट किंवा कोट यांच्या शिवणीत पुरेशी माया, म्हणजे आतले जादा कापड, सोडलेली असेल, तर पुढे अंगकाठी बदलली तरी कपडा सैल करून घेता येतो. चौकडीच्या शर्टाच्या खिशावर आणि जोडावर रेघा जुळतात का, हेही पाहावे, कारण त्या जुळवायला कापड जास्त लागते आणि खर्च वाचवायचा असला की कात्री बहुधा तिथेच लागते.

कापडाच्या बाबतीत ‘१०० टक्के कॉटन’ एवढ्यावर समाधान मानणे चुकीचे आहे. कापसाचे तंतू आखूड असतील, तर त्यांची टोके पृष्ठभागावर येतात आणि घर्षणाने गोळे धरतात. लांब तंतूंचे सूत जास्त गुळगुळीत आणि मजबूत होते. मिश्र कापड मात्र सरसकट वाईट नसते. मोज्यांच्या टाचेत थोडे नायलॉन असले, तर ते लवकर विरत नाहीत.

खांद्याच्या मापाशी तडजोड करू नये. पँटची लांबी किंवा कमरेचा घेर थोड्या खर्चात बदलून मिळतो; कोटाचा खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवावी लागते, आणि एवढे करूनही तो मनासारखा बसेलच असे नाही. मोठ्या सवलतीपुढे हा विचार हमखास मागे पडतो.

दर वापराचा खर्च काढण्याची पद्धत उपयोगी आहे: दुप्पट किमतीची पँट चौपट वेळा वापरली गेली, तर प्रत्येक वापर निम्म्या खर्चात पडतो. मात्र या हिशोबात स्वतःच्या उत्साहावर भरवसा ठेवू नये. तशाच प्रकारचा कपडा गेल्या वर्षी कपाटातून खरोखर किती वेळा बाहेर निघाला, ते आठवावे. ‘फक्त ड्रायक्लीन’ अशी सूचना असेल, तर तो खर्चही धरावा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र खरेदीनंतर होते. चांगला कपडा ‘जपून’ ठेवला जातो आणि रोज जुनाच वापरला जातो. ही सवय समजण्यासारखी आहे, पण ती कपड्याच्याही हिताची नाही: पडून राहिलेल्या इलॅस्टिकची ताकद काळानुसार कमी होते, घड्यांच्या रेषा पक्क्या बसतात आणि लोकरीला कसर लागते. त्यामुळे पहिला खर्च समारंभाच्या पोशाखावर न करता जो कपडा आठवड्यातून अनेकदा अंगावर येतो, त्याच्यावर करावा, म्हणजे तो आपोआप वापरात येतो.

धुण्याची चूक तर एका दिवसातही महागात पडते. गरम पाण्यात घुसळल्याने लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून कपडा आकसतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. उष्णतेने आणि क्लोरीनच्या ब्लीचने स्ट्रेच कापडाचा लवचिकपणा जातो. कपड्यावर गोळे आलेच, तर ते ओढून काढू नयेत. सपाट जागी कापड पसरून गोळे कापण्याच्या यंत्राने हलक्या हाताने काढावेत.

आणलेला कपडा मनासारखा नाही, हे बहुधा चिठ्ठी कापल्यावर लक्षात येते. त्याआधी घरी दिवसाच्या उजेडात तो घालून बसावे, हात वर करावेत आणि ज्या कपड्यांसोबत तो वापरायचा आहे त्यांच्यासोबत पाहावा. बदलून घेण्याची मुदत आणि पावती तोवर हाताशी ठेवावी.