डेटाबेसमधल्या किमतींवरून कामाचे फिल्टर कसे बनवावेत

समजा, ऑनलाइन दुकानात 400 साड्या आहेत आणि ग्राहकाला किमतीचा गट निवडता यावा म्हणून फिल्टर द्यायचा आहे. सर्वांत स्वस्त ₹350 ची, सर्वांत महाग पैठणी ₹85,350 ची. बहुतेक जण या दोन टोकांमधल्या अंतराचे पाच सारखे तुकडे करून मोकळे होतात. मग पहिला गट ₹350 ते ₹17,350 असा होतो आणि जवळजवळ सगळा माल त्यातच कोंबला जातो. एका पैठणीपायी सगळा फिल्टर निकामी!

आधी डेटा तपासा. किमतीचा कॉलम टेक्स्ट, म्हणजे अक्षरांचा, असेल तर क्रम लावताना 1000 हा 200 च्या आधी येतो. तो डेसिमल, म्हणजे संख्येचा, करून घ्या. शून्य किमतीचे आणि स्टॉक संपलेले रेकॉर्ड वगळा. सवलत असेल तर ग्राहक प्रत्यक्षात जी किंमत मोजणार, तीच धरा.

आता रेकॉर्ड किमतीच्या चढत्या क्रमाने लावून 80, 160, 240 आणि 320 व्या साडीची किंमत पाहा. समजा त्या ₹689, ₹1,149, ₹2,150 आणि ₹4,899 निघाल्या. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पर्सेंटाइलचे (इतके टक्के माल ज्या किमतीच्या आत येतो, ती किंमत काढणारे) तयार फंक्शन यासाठी आहे. एनटाइल या फंक्शननेही गट पडतात, पण ते फक्त रेकॉर्ड मोजून सारखे वाटते, त्यामुळे एकाच किमतीच्या दोन साड्या वेगळ्या गटांत जाऊ शकतात. मला म्हणून सीमा काढून घेणेच बरे वाटते.

‘₹689 ते ₹1,149’ असे पर्याय कोण वाचणार? प्रत्येक सीमा 1, 2, 5 किंवा त्यांच्या दहापट, शंभरपट, हजारपट आकड्यांपैकी जवळच्या आकड्यावर आणा: 500, 1,000, 2,000, 5,000. दोन सीमा एकाच आकड्यावर आल्या तर एक काढून टाका.

गटाची खालची सीमा धरायची, वरची नाही. नाहीतर ₹1,000 ची साडी दोन्हीकडे मोजली जाते. ₹499, ₹999 असे भाव लावायची आपल्याकडे सवयच असल्याने ते आपोआप खालच्या गटात नीट बसतात.

गोल केल्यावर गट थोडे कमीजास्त होतात, म्हणून प्रत्येकातली संख्या ग्रुप बायने (गटवार मोजणाऱ्या डेटाबेसच्या आज्ञेने) पुन्हा मोजा आणि रिकामा गट लपवा. इथे हमखास चूक होते: मोजताना रंग, कापड हे निवडलेले फिल्टर लावायचे, पण किमतीचा फिल्टर सोडायचा. नाहीतर एक गट निवडताच बाकी सगळ्यांपुढे शून्य दिसते.

सीमा रोज रात्री एकदा काढून साठवल्या तरी चालते. मात्र लिंकमध्ये ‘गट 3’ असे लिहू नका, 1000 आणि 2000 हे आकडेच लिहा. उद्या सीमा बदलल्या तरी कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक त्याच किमतीच्या साड्या दाखवेल.