जुन्या फ्रेटलेस बेसच्या जी (G) तारेची खरखर: माझा अनुभव

फ्रेटलेस बेस म्हणजे पडदे नसलेली बेस गिटार. लक्षण असं: मोकळी जी तार स्वच्छ वाजते, पण पाचव्या ते सातव्या खुणेदरम्यान (पडद्यांच्या जागी असलेल्या खुणा), म्हणजे सी ते डी, स्वर खरखरतो आणि लगेच मरतो. बाकी तारा ठणठणीत.

तार बदलली, सॅडल (बुडाशी तार जिथे टेकते तो तुकडा) उचललं. खरखर तशीच, वर दाबून दाबून बोटं भरून आली. पार वैताग!

शेवटी तारा काढून शिसवी पट्टीवर (बोटं जिथे दाबतात ती) तिरपा टॉर्च मारला, तेव्हा जी तारेखाली बारीक चर दिसले. राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या, खरबरीत) तारा उघडं लाकूड अशाच खातात.

ट्रस रॉडचा (नेकचा, म्हणजे मानेचा, बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळीचा) नट नेकच्या बुडाशी असल्यामुळे आधी चार स्क्रू काढून नेक सोडवली. उद्यमनगरातून आणलेली स्टीलची पट्टी लावून बघत नेक सरळ केली. नट एका वेळी पाव फेराच फिरवायचा. मग शिसवी पट्टीवर पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या. तिच्याच गोलाईचा लाकडी ठोकळा सुताराकडून करून घेतला, त्याला 320 चा पॉलिश पेपर लावून फक्त लांबीच्या दिशेने घासलं. रेघा आणि चर दोन्ही गेले की 400, मग 600.

नेक बसवून फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत) तारा चढवल्या, सुरात लावून रात्रभर ठेवल्या. तार दोन्ही टोकांना दाबून सातव्या खुणेपाशी फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) तारेखाली घातला: 0.3 मिमी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे माप हलतं, तेव्हा पुन्हा बघा. त्यानंतर सॅडलची उंची, आणि इंटोनेशन (दाबलेले स्वर सुरात येणं) सगळ्यात शेवटी: बाराव्या खुणेवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.