नागपूरच्या मोतीबाग रेल्वे शेडच्या जुन्या डिझेल इंजिनाचं मॉडेल रंगवायचंय?
राजेहो, रंग नंतर, आधी वर्ष ठरवा. मोतीबाग शेडचं छोट्या लाइनीचं झेडडीएम-४ए (झेड म्हणजे २ फूट ६ इंच गेज, डी डिझेल, एम म्हणजे पॅसेंजर आणि माल दोन्ही ओढणारं) २००३ च्या आधीचं करत असाल तर बाजूला दक्षिण पूर्व रेल्वेचीच अक्षरं पाहिजेत, दक्षिण पूर्व मध्य रेल्वे तर त्या वर्षी एप्रिलमध्ये झाली, अन् बरेच जण इथंच फसतात. एकाच फोटोवरून रंगाची छटा उचलू नका, जुने प्रिंट पिवळे पडतात.

आधी फिका रंग, दोन-तीन पातळ हात. मग टेप लावून तिच्या कडेवर परत तोच फिका रंग मारायचा म्हणजे फट बुजते आणि वरचा गडद पट्टा खाली झिरपत नाही. टेप मागे दुमडून हळूच काढा.

मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर स्प्रे मारू नका बरं, रंग हवेतच वाळतो अन् पावडरसारखा बसतो, माझे दोन डबे असेच गेले.

चिन्हाचं डेकल (पातळ छापील स्टिकर) ग्लॉसवरच, म्हणजे चकचकीत थरावरच लावा, खडबडीत मॅटवर खाली हवा अडकून चांदीसारखं चमकतं. वरून मॅट व्हार्निश, झालं.